मेजरसाहेबांचं दुसरं घर

आमच्या अहमदपुरात लग्न लागताना बरेच वऱ्हाडी नवरा-नवरीकडे बघत नसत, मेजर व्यंकटरावांच्या पायांकडे बघत. भटजींनी मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' म्हटलं, की साहेब मंडपात जिथं उभे असतील तिथं ताठ होत आणि टाचेवर टाच खाडकन आपटे. पुढचं मंगलाष्टक सुरू झालं की विश्राम. पुन्हा 'सावधान', पुन्हा खाडकन. एका नवख्या भटजीनं दोन खेपा हा प्रकार पाहिला आणि तिसऱ्या खेपेला 'शुभमंगल' म्हणून तो थांबलाच. पुढचा शब्द तोंडातून निघेना. साहेबांनी त्याला हळूच सांगितलं, "घाबरू नका. ऑर्डर पूर्ण करा."

पण हे दृश्य दिसायचं ते लग्न वेळेवर लागलं तरच. आमच्याकडे पत्रिकेवर बारा पस्तीसचा मुहूर्त छापला, तर बारा पस्तीसला नवरदेव पारावर असतो. साहेब मात्र बारा तीसला मंडपात. बारा पस्तीस झाले की खिशातून अक्षता काढायच्या, समोर जे कोणी असेल त्याच्यावर टाकायच्या, 'सुखी राहा' म्हणायचं आणि निघायचं. आमदार असताना त्यांनी अशा कितीतरी रिकाम्या मंडपांना आशीर्वाद दिलेत. एकदा त्यांच्या अक्षता जनरेटरवाल्याच्या डोक्यावर पडल्या. त्या माणसाचं लग्न रखडलेलं होतं, ते पुढच्याच उन्हाळ्यात जमलं. साहेबांच्या कारकिर्दीतलं हे एकमेव काम विरोधकांनीही मान्य केलं.

साहेब माझे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. मी भूगोलाचा मास्तर, नोकरीची बरीच वर्षं बिलोलीला काढली आणि मग बदली होऊन गावी आलो. साहेब माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. मी राहायला आलो त्या दिवशी ते भिंतीपाशी आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "भूगोल शिकवता म्हणे. मग उत्तर कुठं हाय, दाखवा."

मी हात केला. त्यांनी खिशातून होकायंत्र काढून ताडून पाहिलं.

"थोडं चुकलं. पण चालतंय. आमच्यात असता तर भलत्याच गावात पलटण नेली असती तुम्ही."

साहेब एकाहत्तरच्या लढाईत होते, पूर्वेच्या आघाडीवर. तेव्हा नवेकोरे लेफ्टनंट. एका कालव्यापलीकडची चौकी त्यांनी मूठभर जवान घेऊन जिंकली आणि त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळालं. आमच्या भागातला असा पहिलाच माणूस. ते पदक घेऊन आले तेव्हा त्यांची बैलगाडीतून मिरवणूक काढली होती म्हणतात. पुढं मेजर झाले, निवृत्त होऊन गावी आले, शेती बघू लागले. आता असा माणूस पुढाऱ्यांच्या नजरेतून कसा सुटेल? त्यांना तिकीट मिळालं. पोस्टरवर मिशी, पदक आणि खाली 'रणांगणाचा वाघ'.

वाघानं प्रचार मात्र काही भलताच केला. साहेबांचं एक पेटंट वाक्य होतं: "आधी जमीन पाहावी, मग बोलावं." लष्करात म्हणे हल्ल्याआधी जमीन पाहतात. ओढा कुठं, झाड कुठं, उंचवटा कुठं. साहेब प्रत्येक गावात उतरले की सरपंचाला म्हणायचे, "मी जमीन पाहायला आलो." एका गावात सरपंचानं त्यांना थेट ओढ्याकाठच्या रानात नेलं आणि म्हणाला, "ही बघा सायब, काळी कसदार हाय. भावकीचं भांडण न्हाई. सातबारा साफ." साहेब तासभर ते रान पाहत फिरले. दोघांनाही एकमेकांचं फार कौतुक वाटलं. उमेदवार मत मागायला आला होता, हे सरपंचाला गाडी गेल्यावर कळलं.

आश्वासन म्हणाल तर शून्य. लोक विचारायचे, "साहेब, रस्ता व्हईल का?" साहेब म्हणायचे, "माहीत न्हाई. झाला तर सांगतो." कार्यकर्ते कपाळ बडवून घ्यायचे. "निस्तं हाव म्हणा हो साहेब, हाव म्हणायला काय लागतंय?" त्यावर साहेब म्हणायचे, "हाव म्हणलं की करावं लागतं. खोटं बोलून माणसं पुढं न्यायची न्हाईत. मरतात."

तरी ते निवडून आले. लोकांनी त्यांच्या छातीवरच्या पदकाला मत दिलं.

पाच वर्षांत त्यांनी काय केलं, असं विचाराल तर आठवडी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलं. खेड्यापाड्यातून भाजी घेऊन येणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्यांना सुमनवहिनींनी सांगितलं होतं. सुमनवहिनी म्हणजे साहेबांच्या मंडळी, घरातल्या खऱ्या कमांडर. साहेबांनी त्या एका कामाचा चौकीवर हल्ला करावा तसा पिच्छा पुरवला. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापायला त्यांनी साफ नकार दिला. "मी कामून कापू? मी काय आत जाणार हाय?" शेवटी मेथी विकणाऱ्या एका म्हातारीनं विळ्यानं फीत कापली. लोक त्या जागेला आजही 'मेजरची चौकी' म्हणतात. बायका म्हणतात तेव्हा त्यात थट्टा नसते.

आता सांगायची गोष्ट अशी, की साहेब लढाईबद्दल बोलत नसत. म्हणजे बोलत, पण ते ऐकून काही उपयोग नसे. मी आमच्या शाळेत त्यांना पंधरा ऑगस्टला बोलावलं होतं. मुलं श्वास रोखून बसलेली. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "युद्धात सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती?" पोरं ओरडली, "बंदूक! तोफ! धैर्य!" साहेब म्हणाले, "कोरडे मोजे." आणि मग अर्धा तास मोज्यांवर. पूर्वेला पाणीच पाणी. आपल्याकडं प्यायला मिळत न्हाई, तिकडं चालायला जमीन मिळत न्हाई. मोजे ओले राहिले की बोटांची कातडी निघते. म्हणून मोजे पोटाशी धरून वाळवायचे. मग डाळ न शिजण्याचं प्रकरण. मग खाली बसले. पदकाचं नाव नाही, कालव्याचं नाव नाही.

दुसऱ्या निवडणुकीला हेच नडलं. मोठी सभा होती. वरून आलेल्या नेत्यानं माइकवर जाहीर केलं, की आता मेजरसाहेब त्या कालव्याची गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगतील. मैदान गच्च भरलेलं. साहेब माइकपाशी गेले. माइक जरा खाली ओढला. मग म्हणाले, "त्या दिवशी पाणी लई थंड होतं," आणि परत येऊन खुर्चीत बसले. मी पुढच्याच रांगेत होतो. त्यांनी वाकून बुटाची लेस सोडली आणि पुन्हा बांधली.

विरोधकांच्या हाती त्यात दुसरं एक कोलीत लागलं. साहेब दर महिन्या-दीड महिन्याला कुणाला न सांगता नायगावकडं जात. तिकडं त्यांचा मतदारसंघ नाही, पाहुणा नाही, सोयरा नाही. नायगावच्या अलीकडच्या एका खेड्यात त्यांची जीप एका बाईच्या दारात उभी असते, असं कुणीतरी पाहून आलं. झालं. पारावर, हॉटेलात, सलूनमधे एकच विषय. "मेजरचं तिकडं दुसरं घर हाय." एकानं तर सभेत जाहीर विचारलं, "वाघाच्या गुहा किती?"

साहेबांनी उत्तर दिलं नाही. कार्यकर्ते रडकुंडीला आले. शेवटी ते सुमनवहिनींकडं गेले. मी भिंतीअलीकडं झाडांना पाणी घालत होतो. वहिनी धपाटे भाजत होत्या. म्हणाल्या, "दुसरं घर हाय की. हा डबा तिकडंच चाललाय."

दुसऱ्या घरी जाताना पहिल्या घरून डबा घेऊन जाणारा पुढारी आमच्या जिल्ह्यानं आधी पाहिला नव्हता, पुढंही पाहणार नाही. पण हे असलं उत्तर प्रचारात चालत नाही. साहेब पडले. पुढच्या वेळी पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. मग पोस्टरांवर दुसरे वाघ आले.

मीही एकदा वहिनींना विचारलं होतं, की नेमकं काय आहे तिकडं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते ज्या दिवशी सांगतील त्या दिवशी ऐका. मी बी बारा वर्षं थांबले होते."

माझी शालन गेली त्याला आता नऊ वर्षं होतील. वहिनी गेल्या त्याला चार. तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा आहे. सकाळी सहाला साहेब भिंतीवर चहाचा कप ठेवतात आणि ओरडतात, "गुरुजी, हजर?" मी हजर म्हणतो. एखाद्या दिवशी उशीर झाला तर दार वाजवतात. त्यांची मुलगी लांब आहे, रविवारी फोन करते. तिच्याशी ते मोजून बोलतात: तब्येत ठीक, जेवण ठीक, पाऊस नाही. एकदा मी म्हटलं, अहो जरा मोकळं बोला. तर म्हणाले, "आईशी बोलायची ती. मी निस्ता फोन धरून राहायचो."

वहिनी गेल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात एका सकाळी चहाच्या कपाबरोबर भिंतीवर एक डबा आला.

"गुरुजी, उघडा. रिपोर्ट द्या."

आत धपाटे होते. सगळे एकाच मापाचे, अगदी गोल, कारण साहेबांनी ते ताटलीच्या कडेनं कापले होते. मी एक मोडायला गेलो, मोडेना.

"कडक झालेत थोडे," मी म्हणालो.

"टिकतील," साहेब म्हणाले. मग भिंतीवरचा चुना नखानं खरवडत राहिले. "आज नायगावकडं जायचं हाय. डोळ्याच्या ऑपरेशनपासून गाडी चालवत न्हाई मी. येता का बसनं? ती असती तर... एकट्यानं डबा न्यायला कसंतरी वाटतंय."

आम्ही मुखेडमार्गे जाणारी बस धरली. साहेब खिडकीशी, मांडीवर डबा, पाठ सीटला टेकलेली नाही. जांब मागं पडलं. मग बाहेर पाहतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांच्या तुकडीत आपल्या बाजूचा एकच जवान होता, नामदेव. नायगाव तालुक्यातला. बाकी सगळे कुठले कुठले. साहेब अधिकारी, तो शिपाई, त्यामुळं मैत्री म्हणता येणार नाही. पण कधी पहाऱ्यावर फेरी मारताना साहेब त्याच्यापाशी थांबत आणि विचारत, "काय चाललंय रे?" आणि तो म्हणायचा, "काय न्हाई सायब, बसून राहिलो." तेवढंच. तेवढं ऐकायला साहेब मुद्दाम त्याच्या बाजूनं फेरी मारत. इतक्या लांब, त्या चिखलात, कुणीतरी 'बसून राहिलो' म्हणतंय, यानं त्यांना बरं वाटायचं.

"कालव्याच्या दिवशी पहिल्यांदा तोच गेला," साहेब म्हणाले. "माझ्या उजव्या हाताला होता. एक गोळी. खलास. वरडला बी न्हाई. पुढं जे झालं ते मला नीट आठवत न्हाई गुरुजी. मी कालवा ओलांडला म्हणतात. चौकीत शिरलो म्हणतात. कागदावर लिहिलंय तसं झालं असंल."

बसनं एक खड्डा घेतला. त्यांनी डबा सावरला.

"त्या दिवशी सकाळी मी त्याच्यावर वरडलो होतो. बुटाची लेस सुटली होती त्याच्या. चारचौघात म्हणलं, 'अरे गधड्या, लग्न झालं तरी बूट बांधता येत न्हाई?' तो हसला. वाकून बांधली. माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं ते. आता हे काय सभेत सांगू मी?"

युद्ध संपल्यावर पहिल्या रजेत ते त्याच्या गावी गेले होते. नामदेवाची बायको गया, सोळा-सतरा वर्षांची. लग्नानंतर नामदेव फक्त दोनदा सुट्टीवर आलेला. एवढाच तिचा संसार. सासरा, दीर, गावातले लोक बसलेले आणि दाराआडून तिनं विचारलं, "माझं काय बोलले का ते?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग मी हाव म्हणलं," साहेब म्हणाले.

त्या एका 'हाव'मधूनच पुढचं सगळं आलं. नामदेव काय म्हणाला, ते तिनं विचारलं. साहेबांनी काहीतरी सांगितलं. पुढच्या वेळी आणखी काही. ज्या माणसानं एका रस्त्यासाठी 'हाव' म्हटलं नाही आणि दोन निवडणुका घालवल्या, तो पन्नासहून जास्त वर्षं एका बाईच्या ओट्यावर बसून, जे कधीच घडलं नाही ते सांगत आलेला होता.

गयाबाईंचं घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं. पुढं ओटा, ओट्यावर तुरीच्या शेंगांचा ढीग. बाई सत्तरीला टेकलेल्या, काटक. आम्हाला पाहून उठल्या नाहीत.

"लई दिस लावले सायब. मला वाटलं, तुम्ही बी गेले का काय."

"सुमन गेली," साहेब म्हणाले.

गयाबाईंचे हात थांबले. मग त्या उठल्या, डबा घेतला, उघडून पाहिला. त्या कडक, गोल धपाट्यांकडं थोडा वेळ बघत राहिल्या. "हे तुम्ही केले," एवढंच म्हणाल्या आणि एक धपाटा पाण्यात भिजवून तिथंच खाल्ला.

साहेबांनी त्या दिवशी पत्राची गोष्ट सांगितली. ती आधीही सांगितली असावी, कारण सांगताना ते अडखळत नव्हते. नामदेव तुमचं पत्र छातीपाशी ठेवायचा गयाताई. पावसात भिजू नये म्हणून मेणकापडात गुंडाळून. मी एकदा विचारलं, कुणाचं रे? तर लाजला. गयाबाई मान खाली घालून शेंगा सोलत होत्या. मधूनच म्हणायच्या, "लाजला का?" साहेब म्हणायचे, "लई लाजला."

मग साहेब नेहमीच्या फेरीला उठले. प्रत्येक खेपेला ते घराची तपासणी करतात म्हणे. पत्रे, कडी, गॅसची नळी, मागचा हौद. ते मागं गेल्यावर गयाबाईंनी सूप माझ्याकडं सारलं. मीही सोलायला लागलो.

"तुम्ही मास्तर का?"

"हो. होतो."

"मला लिहिता येत न्हाई गुरुजी. आजून बी न्हाई. आन् सासऱ्यानं माझ्या नावानं पत्र लिहू दिलं नसतं, त्या टायमाला तशी रीत नव्हती. मी माझ्या मालकाला एक बी पत्र धाडलं न्हाई."

मी घराच्या मागच्या बाजूला पाहिलं. साहेब हौदाचं झाकण वाजवून बघत होते.

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांना कसं माहीत असंल? पहिल्यांदा ऐकलं तवा मी लई रडले. मंग राग आला. वाटलं, आता आले की तोंडावर म्हणायचं, खोटं बोलून राहिले तुम्ही. पण ते आले ना, तर असे बसले... परीक्षेला बसल्यावानी. मंग न्हाई म्हणवलं." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "सासू-सासरे गेले. दीर वायले झाले, चूल येगळी केली. माझ्या मालकाचं नाव घेणारं गावात कुणी राहिलं न्हाई. हे एक सायब येतात आन् तासभर त्याचं नाव घेतात. खोटं का व्हईना. मला तर त्याचं तोंड बी आता नीट आठवत न्हाई. सायबाच्या गोष्टीतलाच आठवतो."

साहेब परत आले. म्हणाले, "हौदाला एक भेग हाय. माणूस पाठवतो." गयाबाई म्हणाल्या, "हाव, पाठवा."

परतीच्या बसमधे गर्दी कमी होती. मुखेड गेल्यावर साहेब एकदम म्हणाले, "गुरुजी, एक अडचण हाय. माझा साठा संपत आला."

"कसला?"

"गोष्टींचा. मी त्याला वळखत होतो एकूण अकरा महिने. आन् बोलायचा तो एवढंच, बसून राहिलो. बाकी सगळं मी माझ्याच डोक्यातून काढलं. पत्र झालं, सपान झालं, तिच्या हातचं पिठलं झालं. काही काही तर सुमनचंच होतं, थोडं बदलून. आता ती न्हाई, तर विचारू कुणाला? बायकोपासून लांब राहिलेला माणूस आणखी काय काय आठवत असंल? तुम्ही बिलोलीला एकटे राहिलेले ना? काही असंल तर द्या."

शालनला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात ते आजाराबद्दल. मी पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत होतो आणि माझा हात आपोआप गळ्यापाशी गेला.

मी बिलोलीला असताना शनिवारी घरी यायचो, सोमवारी पहाटेची बस. जायच्या आधी शालन माझ्या शर्टांच्या गुंड्या पाहायची. सैल झालेली गुंडी ती मुद्दाम लाल दोऱ्यानं लावायची. पांढरा शर्ट, लाल दोरा. शाळेतले मास्तर हसायचे. मी तिला एकदा रागावलोसुद्धा, पांढरा दोरा मिळत नाही का तुला? ती म्हणाली, "मिळतो की. पण पांढरा दिसतो का? दिवसातनं एकदा तरी खाली बघाल आन् म्हणाल, हे कुणी केलं?"

हे मी साहेबांना सांगितलं. गळ्याजवळची गुंडी दाखवली. शर्ट जुना झालाय, कॉलर फाटली, पण ती गुंडी हलत नाही.

साहेबांनी चष्मा वर करून ती जवळून पाहिली. मग गंभीरपणे मान हलवली.

"वर्दीला लाल दोरा चालत न्हाई."

"मग राहू द्या."

ते विचारात पडले. अहमदपूरच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा म्हणाले, "आतल्या खिशाला एक गुंडी असते. ती कुणी तपासत न्हाई. तिथं चालंल." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुमची हरकत न्हाई ना गुरुजी? तुमच्या मंडळींची वस्तू हाय ती."

मी म्हटलं, न्या.

पुढचे पंधरा दिवस भिंतीपलीकडून साहेबांचं पुटपुटणं ऐकू यायचं. 'आतला खिसा. लाल दोरा. मी विचारलं, हे कुणी केलं?' ते पाठांतर करत होते. त्या सुमारास त्यांचा विसरभोळेपणा सुरू झाला होता, मधलं वाक्य निसटायचं. एकदा तर चहाचा कप ठेवताना मलाच विचारलं, "दोरा कोणता हो?" मी म्हटलं, लाल.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा गेलो. धपाटे या वेळी मऊ होते, मला त्यात दही घालायचं आठवलं होतं. ओट्यावर तुरीऐवजी शेंगा होत्या, भुईमुगाच्या. साहेब बसले, घसा साफ केला आणि सुरुवात केली. नामदेवाच्या वर्दीचा आतला खिसा. गुंडी. मी विचारलं, अरे हे कुणी केलं? इथं ते थांबले. त्यांना पुढचं आठवेना. मी सांगणार होतो, पण सांगता येईना. गयाबाई वाट बघत होत्या.

"दोरा," साहेब म्हणाले. "दोरा... लाल होता. तो म्हणाला, बायकोनं लावलाय. दिवसातनं एकदा आठवण यावी म्हणून."

गयाबाईंनी मान वर केली. साहेबांकडं पाहिलं, मग हळूच माझ्याकडं. त्यांची नजर माझ्या गळ्यापाशी आली आणि तिथं थांबली. मी तोच शर्ट घातला होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी कॉलर झाकायला हात उचलला, पण आता उशीर झाला होता.

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"हाव," मग त्या म्हणाल्या. "लालच होता. घरात दुसरा दोरा नव्हता त्या दिवशी."

इतक्या वर्षांत त्यांनी गोष्टीत स्वतःहून काही घातलं, असं बहुतेक पहिल्यांदाच झालं असावं. साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. मग माझा दंड धरून म्हणाले, "ऐकलं का गुरुजी? खरंच लावला होता हिनं!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला तिकडं बघवेना. ते लगबगीनं उठले आणि घराच्या फेरीला निघाले. पत्र्याखालून चालताना एकदा थांबले, मागं वळून पुन्हा आमच्याकडं पाहिलं आणि मग कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

गयाबाईंनी शेंगांचं सूप माझ्या पुढ्यात ओढलं.

"गुरुजी," माझ्या गुंडीकडं बघत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "नाव काय होतं त्यांचं?"